गॅस भरूनही कारचा एसी गार करत नाही? ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यासाठी समस्या निवारण

एप्रिल लागला की ग्वाल्हेरमधल्या बहुतेक एसीच्या दुकानांत एकच निदान ऐकू येतं: "गैस कम है, भर देते हैं।" गॅस भरला जातो, आठ-पंधरा दिवस गाडी छान गार राहते आणि नौतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागेपर्यंत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पुढच्या वर्षी पुन्हा गॅसचा डबा, पुन्हा पैसे. शहराच्या मुरार भागापासून लष्कर भागापर्यंत कितीतरी घरांनी हा खर्च गाडीच्या विम्याबरोबर वार्षिक म्हणून धरून ठेवला आहे. तसं धरायचं काहीएक कारण नाही.

कारचा एसी गॅस खात नाही. आर-१३४ए हा गॅस एका बंद चक्रात फिरत राहतो: गॅस दाबणारा कंप्रेसर, उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, ओल शोषणारा ड्रायर, दाब उतरवणारा एक्स्पान्शन वॉल्व्ह, डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल आणि परत कंप्रेसर. धडधाकट गाडीतही रबरी होजमधून आणि कंप्रेसरच्या शाफ्ट सीलमधून थोडा झिरपतो, पण तो वर्षाला दहा-वीस ग्रॅमच्या आसपास. छोट्या हॅचबॅकमध्ये साधारण ३५० ते ५०० ग्रॅम गॅस असतो, म्हणजे चार-पाच वर्षं त्याला हात लावावा लागू नये. दरवर्षी भरावा लागत असेल तर एकतर गळती आहे, नाहीतर गॅस कमी नव्हताच आणि दोष दुसरीकडे आहे. दोन्ही प्रकरणांत नुसता डबा ओतून काही साधत नाही. दुसऱ्या प्रकरणात तर जास्तीच्या गॅसने कूलिंग आणखी बिघडतं.

आधी हे सांगा: नेमकं केव्हा गार होत नाही?

गेज (गॅसचा दाब मोजायचे काटे) लावण्याआधी या एका प्रश्नाने निम्मं काम होतं. "एसी चालत नाही" एवढंच सांगून गाडी सोडून आलात, तर समोरचा गॅसच भरणार.

गाडी आग्रा किंवा झाशीच्या रस्त्याला पळत असताना गार करते आणि पडाव किंवा फूलबागेच्या गर्दीत थांबली की गरम वारा देते, तर संशय कंडेन्सरच्या फॅनवर घ्या. पळत्या गाडीत समोरचा वारा फॅनचं काम करतो, थांबलेल्या गाडीत तो नसतो.

सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं मस्त गार, मग वारा हळूहळू बारीक होत जातो, ब्लोअर चारवर ठेवूनही हवा येत नाही. एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा मिनिटं चालवला की सगळं पूर्ववत. ही कूलिंग कॉइलवर बर्फ धरण्याची खूण. इथे गॅसपेक्षा आधी थर्मिस्टर (कॉइलचं तापमान मोजणारा सेन्सर) आणि केबिन फिल्टर पाहायचे.

वारा भरपूर आहे, पण सकाळी थंड आणि दुपारी कोमट: कंडेन्सर तुंबलेला, गॅस कमी किंवा जास्त, नाहीतर कंप्रेसर थकलेला. सकाळ-दुपार सारखाच कोमट असेल तर हीटरचं गरम पाणी हवेत मिसळतंय का, हेही पाहा.

गार होता होता अचानक बंद, पाच-दहा मिनिटांनी आपोआप सुरू: कंप्रेसरला पुलीशी जोडणारा क्लच तापून सुटतोय, दाब फार चढल्यामुळे हाय प्रेशर स्विच कापतोय, किंवा इंजिनच गरम होत असल्यामुळे ईसीयू (इंजिनचा संगणक) कंप्रेसर तोडतोय, म्हणजे बंद करतोय. टेम्परेचरचा काटा नेहमीपेक्षा वर असेल तर एसीवाल्याकडे जाऊच नका, आधी रेडिएटर आणि कूलंटचं बघा.

घरच्या घरी, दहा मिनिटांत

लांब दांडीचा डिजिटल थर्मामीटर घ्या, स्वयंपाकघरातला चालेल. गाडी सावलीत उभी करा, काचा बंद, रिसर्क्युलेशन चालू, तापमानाचा खटका पूर्ण थंडवर, ब्लोअर दोन किंवा तीनवर. इंजिन साधारण १५०० आरपीएमवर धरा आणि थर्मामीटरची दांडी मधल्या व्हेंटमध्ये खोवा. बाहेर ४२-४४ अंश असताना दहा मिनिटांनी साधारण ८ ते १३ अंशांच्या दरम्यान आकडा आला तर एसी आपलं काम करतोय. १६-१७ च्या खाली उतरतच नसेल तर दोष आहे. हा आकडा लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर त्याच पद्धतीने पुन्हा मोजायचा आहे. "अब तो चिल्ड है" यावर विसंबायचं नाही.

मग बॉनेट उघडा. एसीचं बटण दाबल्यावर कंप्रेसरच्या पुलीतून "टक्" असा आवाज येतो आणि पुलीच्या तोंडावरची प्लेट फिरू लागते. पुली तर इंजिन चालू असेतो फिरतेच, बघायची ती पुढची प्लेट. (काही नव्या गाड्यांच्या कंप्रेसरला क्लचच नसतो, तिथे टक् ऐकू येणार नाही.) त्याच सुमाराला रेडिएटरजवळचा फॅन सुरू व्हायला हवा. ओढणी, साडीचा पदर किंवा सैल बाही असेल तर लांबूनच पाहा, पट्टा आणि फॅन कुणाची गय करत नाहीत.

फॅन फिरत नसेल तर आधी फ्यूज. मग रिले: त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून तिथे लावून पाहा. तरी नाही, तर फॅनच्या कनेक्टरला बॅटरीतून थेट १२ व्होल्ट द्या. फिरला तर वायरिंग किंवा कंट्रोलमध्ये दोष, नाही फिरला तर मोटर गेली. एक प्रकार हमखास नजरेतून सुटतो. दोन वेगांच्या फॅनचा रेझिस्टर जळतो तेव्हा संथ वेग नाहीसा होतो आणि जलद वेग तेवढा शाबूत राहतो. मग फॅन इंजिन तापल्यावरच सुरू होतो. गाडी कधी गार, कधी गरम, आणि दुकानात नेली की फॅन फिरताना दिसतो, म्हणून मेकॅनिक त्याला निर्दोष ठरवतो.

आता रिसर्क्युलेशनचं बटण. दाबल्यावर ब्लोअरचा आवाज बदलायला हवा, आतली हवा ओढताना तो थोडा मोठा होतो. काहीच फरक पडत नसेल तर झडप अडकली आहे किंवा तिची मोटर गेली आहे. ४५ अंशांची लू दर मिनिटाला आत घेऊन ती थंड करत बसणं छोट्या गाडीच्या एसीला झेपत नाही. इथल्या उन्हाळ्यात या एका झडपेने व्हेंटच्या हवेत अनेक अंशांचा फरक पडतो, आणि तिची तपासणी फुकट आहे.

हीटरचंही असंच. फायरवॉलमधून आत जाणाऱ्या दोन हीटर होज असतात. एसी पूर्ण थंडवर असताना वारा कोमट येत असेल, तर इंजिन थंड असताना यातली एक होज गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पने आवळा आणि मग गाडी सुरू करून व्हेंटचं तापमान मोजा. पाच-सात अंशांनी उतरलं तर गॅसचा काही संबंध नाही. मिश्रणाची झडप, तिची केबल किंवा मोटर पूर्ण बंद होत नाही. जुन्या गाड्यांत नुसती केबल सरकलेली असते, क्लिपमध्ये पुन्हा बसवली की काम झालं.

गाडीखाली पाणी टपकत नाही म्हणून मे महिन्यात घाबरणारेही बरेच असतात. मे महिन्यातल्या ग्वाल्हेरच्या हवेत ओलावाच इतका कमी असतो की कॉइलवर जमायला पाणी नसतं. जाड पाइपलाही घाम फुटत नाही. तेव्हा पाणी न टपकणं हा दोष नव्हे. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ते टपकलंच पाहिजे. नाही टपकलं आणि पुढच्या पायपुसण्याखाली ओल आली, तर ड्रेन पाइप तुंबला आहे.

कंडेन्सर: इथला खरा गुन्हेगार

कंडेन्सरचं काम आतून उचललेली उष्णता बाहेर टाकायचं. बाहेर ४५ अंश असतील तर गॅसला ६० ते ७० अंशांवर द्रवरूप व्हावं लागतं, आणि त्या तापमानाला आर-१३४ए चा दाब साधारण २३० ते २९० पीएसआय (दाबाचं एकक) असतो. म्हणजे सगळं ठीक असतानाही सिस्टिम ताणलेलीच असते. त्यात कंडेन्सरच्या जाळीत थोडी घाण बसली तरी दाब आणखी चढतो, कंप्रेसर जास्त ताकद खातो, कूलिंग पडतं आणि शेवटी हाय प्रेशर स्विच कंप्रेसर तोडतो.

मे-जूनमध्ये संध्याकाळी आंधी येते, मागोमाग चार थेंब पडतात. जाळीत बसलेल्या धुळीचा चिखल होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात तो वाळून कडक होतो. समोरून पाहिलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो. घाण असते मागे, कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत. टॉर्च लावून बाजूने बघा: पानं, किडे, पिशव्यांचे तुकडे आणि मातीचा थर दिसेल. रेडिएटरचे वरचे बोल्ट सैल करून तो थोडा मागे कलता केला की तिथे पाण्याचा पाइप जातो. हे काम अर्ध्या तासाचं, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही. वॉशिंग सेंटरवरचं प्रेशर मशीन जवळून मारू देऊ नका. पत्र्यासारख्या पातळ पात्या वाकतात आणि हवा कायमची अडते. साधा पाइप, बेताचा दाब, इंजिन थंड.

कंडेन्सर-फॅनचा दोष आहे की गॅसचा, हे ठरवायला एक स्वस्त आणि खात्रीची चाचणी आहे. एसी चालू ठेवून, थर्मामीटर व्हेंटमध्ये ठेवून, समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर पाण्याचा बारीक फवारा दोन मिनिटं मारा. थोडा फरक तर चांगल्या गाडीतही पडतो. पण आकडा झरकन चार-पाच अंश किंवा जास्त उतरला, तर उष्णता बाहेर टाकण्यात अडचण आहे: जाळी तुंबली आहे, फॅन मंद आहे किंवा गॅस जास्त भरला आहे. फवाऱ्याने काहीच फरक पडला नाही तर गॅस खरोखर कमी असण्याची किंवा कंप्रेसर, वॉल्व्ह, हीटर यांच्यातल्या दोषाची शक्यता वाढते.

गेज काय सांगतं आणि काय सांगत नाही

इंजिन बंद असताना निळा-लाल काटा दाखवून "देखो, एक सौ तीस है, गैस पूरी है" असं कुणी म्हटलं तर मान डोलावू नका. बंद सिस्टिममध्ये थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असला, तरी दाब फक्त तापमानावर ठरतो. ३५ अंशांना तो साधारण ११४ पीएसआय, ४० अंशांना १३३, ४५ अंशांना १५३. दोनशे ग्रॅम असो की पाचशे, काटा तिथेच. उलट ४० अंशांच्या उन्हात बंद गाडीचा काटा पन्नासवर असेल, तर आत द्रव उरलेलाच नाही, हे मात्र नक्की समजावं.

खरा निकाल चालू गाडीचा. सुमारे १५०० आरपीएमवर, एसी पूर्ण, इथल्या मे महिन्यात लो साइडला (कमी दाबाची बाजू, निळा काटा) ३० ते ५० आणि हाय साइडला (जास्त दाबाची, लाल काटा) २३० ते २९० पीएसआय हे साधारण निरोगी आकडे. गाडीगणिक थोडं इकडेतिकडे. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर गॅस जास्त, कंडेन्सर तुंबलेला, फॅन मंद किंवा सिस्टिममध्ये हवा शिरलेली. इथे आणखी गॅस भरणं म्हणजे आगीत तेल. लो जास्त आणि हाय कमी, दोन्ही काटे एकमेकांकडे सरकलेले, तर कंप्रेसर दाबत नाही. क्लच नसलेल्या कंप्रेसरमध्ये आधी कंट्रोल वॉल्व्ह तपासा, अनेकदा तेवढाच बदलून काम भागतं आणि कंप्रेसर वाचतो. लो शून्याखाली व्हॅक्यूमकडे जात असेल, तर एक्स्पान्शन वॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबलेला. हाच प्रकार पंधरा मिनिटांनी सुरू होऊन गाडी बंद केल्यावर सुटत असेल, तर सिस्टिममध्ये ओल आहे आणि ती वॉल्व्हच्या तोंडाशी गोठते.

क्लच तापल्यावर सुटण्याचा दोष गेजवर दोन्ही काटे एकदम जवळ येताना दिसतो. इंजिन बंद करून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) प्लेट आणि पुली यांच्यातलं अंतर मोजा. ते साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावं. घासून एक मिलिमीटरच्या आसपास गेलं की तापलेल्या कॉइलला प्लेट ओढवत नाही. आतली एक शिम (पातळ चकती) काढली की अंतर कमी होतं. पूर्ण कंप्रेसर बदलायला सांगण्याआधी हे मोजलं का, एवढं विचारा.

गळती शोधल्याशिवाय गॅस नाही

गॅस खरोखर कमी निघाला, तर तो किती दिवसांत गेला यावरून दिशा कळते. दोन-चार दिवसांत गेला तर भोक मोठं: कंडेन्सर किंवा पाइप. महिना-दीड महिन्यात गेला तर ओ-रिंग (जोडातली रबरी कडी), सर्व्हिस पोर्टचा (गेज लावायच्या तोंडाचा) वॉल्व्ह, शाफ्ट सील किंवा कूलिंग कॉइल. वर्षभर टिकला तर अगदी बारीक झिरप, तीही शोधण्यासारखी.

गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही बाहेर पडतं आणि आपल्याकडची धूळ त्यावर चिकटते. ही धूळ इथे कामाला येते. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात, पाइपच्या जोडावर किंवा होजच्या क्रिंपपाशी (धातूच्या आवळलेल्या टोकापाशी) रुपयाएवढा काळपट, तेलकट डाग दिसला, बोट लावल्यावर चिकट लागला, तर तिथे साबणाचं घट्ट पाणी ब्रशने लावा आणि एक मिनिट नजर हटवू नका. मोठी गळती फसफसते. बारीक गळतीत आधी काहीच होत नाही, मग टाचणीच्या डोक्याएवढा एक बुडबुडा येतो, हळूहळू फुगतो, फुटतो आणि तिथेच दुसरा येतो. झाशी रोडने रोज जाणाऱ्या गाड्यांचा कंडेन्सर खालच्या अर्ध्या भागात नीट पाहावा. बिलौआच्या क्रशरवरून गिट्टी भरून निघालेल्या डंपरमागे चालणाऱ्या गाडीला खडे लागतातच.

सर्व्हिस पोर्टची प्लॅस्टिकची टोपी बिनकामाची समजून हरवली जाते. आतला वॉल्व्ह गाडीच्या टायरच्या वॉल्व्हसारखाच असतो आणि गेज लावून काढल्यावर तो कधी कधी नीट बसत नाही. खरी शेवटची अडवण त्या टोपीतलं रबर करतं. गॅस भरून झाल्यावर दोन्ही पोर्टवर साबणाचं पाणी लावून बघा आणि टोप्या घट्ट लावून घ्या. वॉल्व्हची सुई बदलणं अगदी किरकोळ खर्चाचं काम आहे.

बाहेर काहीच सापडलं नाही तर नायट्रोजन. सिस्टिम रिकामी करून १५० ते २०० पीएसआय कोरडा नायट्रोजन भरायचा आणि काटा धरून ठेवायचा. बारीक गळतीसाठी रात्रभर ठेवणं उत्तम, फक्त एक हिशोब लक्षात असू द्या: संध्याकाळी ४० अंशांत २०० पीएसआय भरला आणि पहाटे २८ अंशांत पाहिला, तर गळती नसतानाही काटा सुमारे ८ पीएसआयने उतरलेला असतो. त्याहून जास्त उतरला तर शोधायला लागा. नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन कधीही वापरू देऊ नका, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. टायरच्या कंप्रेसरची हवाही नको, तिच्यात ओल असते.

"व्हॅक्यूम होल्ड हो गया, लीकेज नहीं है" हा निष्कर्ष अर्धाच खरा. व्हॅक्यूममध्ये बाहेरच्या हवेचा दाब जेमतेम १४ पीएसआय आणि तोही आतल्या दिशेने. चालू एसीत अडीचशे पीएसआय बाहेरच्या दिशेने ढकलत असतो. व्हॅक्यूममध्ये आवळून बसलेली ओ-रिंग दाबाखाली गळू शकते.

कूलिंग कॉइल डॅशबोर्डमागे, म्हणून तिची गळती सर्वांत उशिरा सापडते. सिस्टिममध्ये यूव्ही डाय (यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) टाकून आठ-पंधरा दिवस गाडी चालवा आणि ड्रेन पाइपच्या तोंडाशी यूव्ही टॉर्च मारा. पिवळट-हिरवी चमक दिसली तर कॉइल गेली. इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर असेल तर एसी बंद करून दहा मिनिटांनी ड्रेनजवळ किंवा खालच्या व्हेंटमध्ये धरा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. डॅशबोर्ड खोलायला लावण्याआधी हा पुरावा डोळ्यांनी बघा, कारण एकदा खोललेला डॅशबोर्ड कधीच पूर्वीसारखा गप्प बसत नाही, खडखडतोच.

गळती बंद करणारं लिक्विड मात्र घालू नका. ते एक्स्पान्शन वॉल्व्ह तुंबवतं, आणि पुढे ज्याच्या मशीनमध्ये तुमच्या गाडीचा गॅस काढला जाईल त्याचं मशीनही बिघडवतं.

भरायचा तो वजनाने

बॉनेटखाली एक स्टिकर असतो: गॅसचा प्रकार आणि ग्रॅम. फिका पडला असेल तर गाडीच्या पुस्तिकेत पाहा. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. त्यात आर-१३४ए मिसळायचा नाही.

गळती दुरुस्त झाली, उघडलेल्या प्रत्येक जोडाची ओ-रिंग नवी आणि तेल लावून बसवली, की मग व्हॅक्यूम. किमान अर्धा तास, सिस्टिम बरेच दिवस उघडी होती तर एक तास. व्हॅक्यूमचा हेतू हवा काढण्याइतकाच ओल काढण्याचा. दाब उतरला की पाणी नेहमीच्या तापमानालाही उकळून वाफ होऊन निघून जातं. काटा पाऱ्याच्या २९ इंचांच्या जवळपास जायला हवा. ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंच आहे, उन्हाळ्यात हवेचा दाबही कमी असतो, त्यामुळे पंप कितीही चांगला असला तरी ३० दिसणार नाही. पंप बंद करून पंधरा मिनिटं काटा स्थिर राहिला की गॅस.

सिलिंडर किंवा डबा वजनकाट्यावर ठेवून स्टिकरवरचे ग्रॅम मोजून भरायचे. ४०० ग्रॅमच्या सिस्टिममध्ये ५० ग्रॅमची चूक म्हणजे साडेबारा टक्के, तेवढ्याने कूलिंग बिघडू शकतं. म्हणूनच आधीच्या गॅसवर "टॉप-अप" ही पद्धत छोट्या गाडीत चुकीची: आत किती होता हेच माहीत नसतं. दुकानात सांगायचं वाक्य असं: "पुरानी गैस निकाल के तौलो, वैक्यूम करो, फिर स्टिकर के हिसाब से काँटे पर भरो।" बिलावर किती ग्रॅम निघाला आणि किती भरला, दोन्ही लिहून घ्या. पुढच्या वर्षी गळतीचा वेग याच दोन आकड्यांवरून काढता येतो.

कंप्रेसर चालू असताना डबा लो साइडलाच लावायचा. हाय साइडला लावला तर सिस्टिमचा दाब डब्यात शिरतो आणि डबा फुटतो. हातमोजे आणि गॉगल हवेतच. द्रवरूप आर-१३४ए उघड्यावर उणे २६ अंशांना उकळतो आणि कातडी गोठवतो.

तेलाचं गणित बहुतेकांचं इथे चुकतं. पूर्ण सिस्टिममध्ये साधारण १०० ते १५० मिलिलिटर पॅग तेल (कंप्रेसरचं कृत्रिम तेल) असतं आणि नवा कंप्रेसर बहुधा सगळ्या सिस्टिमचं तेल पोटात घेऊनच येतो. जुन्या कंप्रेसरमधून ५० मिलिलिटर निघालं आणि नव्यात १२० आहे, तर नव्यातलं जवळपास ७० काढून ठेवायचं. नाहीतर जास्तीचं तेल कॉइलमध्ये साचून बसतं आणि गॅस बरोबर असूनही गार होत नाही. पॅग तेल हवेतली ओल झपाट्याने ओढतं, म्हणून महिनाभर उघडी पडलेली बाटली वापरू नये. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या विजेवर चालणाऱ्या कंप्रेसरमध्ये पॅग चालत नाही, तिथे विजेचा प्रवाह न वाहणारं वेगळं तेल लागतं. अशी गाडी साध्या दुकानात उघडूच नका, त्यातली केशरी वायर जीवघेणी असते.

कंप्रेसर आतून घासून मेला असेल आणि तेल काळं, चमचमत्या कणांचं निघालं, तर नुसता कंप्रेसर बदलून भागत नाही. आताच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की त्यांतले कण धुऊन निघत नाहीत. कंडेन्सर, ड्रायर आणि एक्स्पान्शन वॉल्व्ह तिन्ही बदलावे लागतात. खर्च मोठा, पण तो टाळला तर नवा कंप्रेसर त्याच कणांनी मरतो.

आणि स्वस्तातला गॅस. काही डब्यांत एलपीजीसारखा ज्वालाग्राही गॅस असतो; तो गार करतो, पण डॅशबोर्डमागे गळला तर केबिनमध्ये पेटायला एक ठिणगी पुरे. त्याहून घातक भेसळ मिथाइल क्लोराइडची. ते ॲल्युमिनियमशी क्रिया करतं आणि तयार होणारं द्रव्य हवा लागताच पेटतं. २०११ मध्ये रेफ्रिजरेटेड शिपिंग कंटेनरांचे स्फोट झाले, ते याच भेसळीच्या गॅसमुळे. कारची कॉइल आणि कंडेन्सर दोन्ही ॲल्युमिनियमचेच असतात. सील शाबूत असलेला, नाव-पत्ता-बॅच नंबर असलेला डबा समोर उघडून घ्या.

बर्फ धरणारी कॉइल आणि तुंबलेला फिल्टर

ग्लोव्ह बॉक्सच्या मागे केबिन फिल्टर असतो. इथल्या धुळीत पुस्तिकेतल्या मुदतीची वाट पाहू नका; मार्चमध्ये एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा काढून बघा. काही गाड्यांच्या खालच्या व्हेरियंटमध्ये फिल्टरची जागा असते, पण फिल्टर नसतो. मग सगळी धूळ थेट कॉइलवर बसते, वारा कमी येतो आणि कॉइल गोठते. फिल्टर स्वच्छ असूनही बर्फ धरत असेल तर कॉइलच्या पात्यांत खोवलेला थर्मिस्टर जागेवरून निघालेला किंवा बिघडलेला असतो. कॉइल शून्याच्या आसपास आली की कंप्रेसर तोडायचा हे त्याचं काम. मल्टिमीटरने त्याचा रेझिस्टन्स आधी नेहमीच्या तापमानात आणि मग बर्फाच्या पाण्यात बुडवून मोजा. आकडा ठळकपणे बदलला नाही तर बदलून टाका.

थंडीत एसी चार महिने बंद ठेवला की शाफ्ट सील कोरडं पडतं आणि मार्चमध्ये तिथून गॅस निघतो. डिसेंबर-जानेवारीत आठवड्यातून एकदा, दुपारच्या उन्हात, दहा मिनिटं एसी चालवा. पहाटेच्या कडक थंडीत अनेक गाड्यांचा कंप्रेसर सुरूच होत नाही, म्हणून वेळ दुपारची. धुक्याच्या दिवसांत समोरची काच साफ करायला एसी लावता, तेव्हाही हे काम आपसूक होतं.

व्यापार मेळ्यात रोड टॅक्सची सूट जाहीर झाली की ग्वाल्हेरमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत गाड्यांची झुंबड असते, आणि त्या दिवसांत एसी कुणी तपासून घेत नाही. अशा गाडीची थर्मामीटरची चाचणी एप्रिलच्या पहिल्या कडक दुपारी करा. आकडा सोळाच्या वर राहिला तर पहिल्या सर्व्हिसच्या जॉबकार्डवर बाहेरचं तापमान, व्हेंटचं तापमान आणि तारीख लिहून घ्या. वॉरंटी चालू असेतो बाहेरच्या दुकानात गॅसच्या पोर्टला गेज लावू देऊ नका.